अ‍ॅझ्टेक सुवर्णालंकार आणि देवत्वाचा प्रश्न

अ‍ॅझ्टेक सुवर्णालंकारांचा अभ्यास करताना धर्मविचारातला एक जुना प्रश्न टाळता येत नाही. वस्तूला देवत्व कुठून येते? ती ज्या द्रव्याची घडली त्यातून, तिला दिलेल्या आकारातून, की ती अंगावर चढवून केलेल्या कृतीतून? मेक्सिकोच्या पठारावर तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरराज्यांची युती १४२८ मध्ये झाली आणि १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्य व त्याच्या स्थानिक मित्रांपुढे तेनोच्तित्लान पडले. या ९३ वर्षांत तिथल्या सोनारांनी जे घडवले त्यातले फार थोडे उरले आहे. तरीही जे उरले ते आणि त्याबद्दल नाहुआत्ल भाषेत जे लिहून ठेवले गेले ते, दोन्ही एकत्र ठेवले तर या प्रश्नाचे एक सुसंगत उत्तर हाती लागते. ते उत्तर युरोपच्या त्या काळातल्या उत्तरापेक्षा मुळातच वेगळे आहे.

अ‍ॅझ्टेक हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी रूढ केले. तेनोच्तित्लानचे लोक स्वतःला मेशिका म्हणत. त्यांच्या मूल्यव्यवस्थेत सोने पहिल्या क्रमांकावर नव्हते, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. सर्वात वरचा मान हिरव्या पाषाणाला होता. त्याला चाल्चिउइत्ल म्हणत आणि तो पाणी, अंकुर, श्वास, थोडक्यात जिवंतपणाचे रूप मानला जाई. त्याच्या जोडीला केत्साल पक्ष्याची लांब, हिरवी, वाऱ्यावर झळाळणारी पिसे. सोने यांच्यानंतर येई. स्पॅनिश सैनिक बेर्नाल दिआस याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की सम्राट दुसऱ्या मोक्तेसुमाने स्पेनच्या राजासाठी काही हिरवे मणी दिले, तेव्हा त्यातला प्रत्येक मणी दोन ओझी सोन्याच्या मोलाचा आहे असे आवर्जून सांगितले. स्वतः दिआसही हे शिकला. १५२०च्या जूनअखेर स्पॅनिश सैन्य रातोरात शहरातून पळाले तेव्हा त्याने सोन्याच्या ढिगावर हात न मारता चार हिरवे पाषाण उचलून चिलखतात लपवले आणि पुढे त्यांच्याच मोबदल्यात औषधोपचार आणि अन्न मिळवले. त्याच रात्री सोन्याच्या वजनाने वाकलेले त्याचे अनेक सोबती कालव्यात बुडाले.

मग सोन्याला मान कशामुळे होता? फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे सहागून याने नाहुआत्ल लेखक आणि वृद्ध जाणकार यांच्या मदतीने सोळाव्या शतकात बारा ग्रंथांचा एक महाकोश तयार केला. फ्लोरेन्समध्ये जतन झाल्यामुळे तो फ्लोरेन्टाइन कोडेक्स या नावाने ओळखला जातो. त्याच्या अकराव्या ग्रंथात खनिजांचे वर्णन आहे आणि तिथे सोने हे सूर्याने भूमीत टाकलेले मलद्रव्य असल्याचे सांगितले आहे. आधुनिक वाचकाला ही कल्पना खटकते. पण शेतीवर जगणाऱ्या आणि सरोवरातल्या मळ्यांना मानवी मैलाचे खत घालणाऱ्या समाजात मलद्रव्य म्हणजे नुसती घाण नव्हती. ते शरीरातून बाहेर पडलेले, शरीराचाच अंश असलेले आणि मातीला पुन्हा सुपीक करणारे द्रव्य होते. सूर्य रात्री पृथ्वीच्या पोटातून प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा उगवतो, अशी मेशिकांची धारणा होती. त्या प्रवासात त्याच्या देहातून जे सुटले ते नदीच्या वाळूत पिवळ्या कणांच्या रूपाने सापडते, असा हा विचार आहे. सोने सूर्याचे प्रतीक आहे असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. सूर्याच्या देहाचा तो एक उरलेला भाग होता.

इथे तेओत्ल ही संकल्पना येते. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी तिचे भाषांतर ‘देव’ असे केले आणि गोंधळाची सुरुवात झाली. मेक्सिकन विचारवंत मिगेल लेओन-पोर्तिया यांनी १९५६ मध्ये नाहुआ तत्त्वज्ञानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या लोकांकडे केवळ कर्मकांड नसून विचारपूर्वक मांडलेले तत्त्वज्ञान होते, हा मुद्दा विद्वानांसमोर ठामपणे ठेवला. पुढे जेम्स मॅफी या अमेरिकी तत्त्वज्ञाने २०१४च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की तेओत्ल ही कुणी एक व्यक्ती नसून सर्व विश्वाला व्यापणारी, सतत हलती, सतत रूपे घेणारी एकच शक्ती आहे. सूर्य, पाऊस, मका, माणूस हे तिचेच आविष्कार. सगळ्यांना ही मांडणी मान्य नाही. मेशिकांच्या मनात वेगवेगळ्या नावांच्या, स्वभावांच्या आणि भुकेच्या देवता स्पष्ट होत्या, त्यांना एका तत्त्वात विरघळवून टाकणे म्हणजे आपल्या आवडीचे तत्त्वज्ञान त्यांच्या माथी मारणे, असा आक्षेप घेतला जातो. तो आक्षेप रास्त आहे. पण एका बाबतीत दोन्ही पक्ष जवळ येतात. पवित्र आणि लौकिक अशी दोन वेगळी द्रव्ये मेशिकांच्या जगात नव्हती. सगळ्याच वस्तूंत ती शक्ती कमीअधिक असे. जिथे ती दाट होई तिथे चकाकी, रंग, उष्णता, आवाज आणि हालचाल या खुणांनी ती ओळखू येई. सोन्याच्या दागिन्यात या पाचही खुणा एकत्र आणता येत होत्या. तिथल्या सोनारांची सगळी कलाकुसर याच दिशेने गेलेली दिसते.

मध्य अमेरिकेत धातुकाम उशिरा पोहोचले. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपास ते दक्षिण अमेरिकेतून समुद्रमार्गे पश्चिम मेक्सिकोत आले, असे आज मानले जाते. त्याआधीच तिथे मोठी नगरे, पिरॅमिड, पंचांगे उभी राहिली होती. नांगराचा फाळ किंवा तलवार यांची निकड भागवायला धातू आला नाही. धातुकामाच्या अभ्यासक डोरोथी हॉस्लर यांनी पश्चिम मेक्सिकोतल्या वस्तू तपासून दाखवून दिले की तिथल्या कारागिरांनी तांब्यात कथील किंवा आर्सेनिक मजबुतीसाठी लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त मिसळले होते. हेतू होता रंग सोनेरी वा रुपेरी करण्याचा. आणि सर्वात जास्त घडवली गेलेली वस्तू होती घुंगरू. त्यांचा आवाज म्हणजे पावसाची सर, खुळखुळ्या सापाची शेपटी, युद्धात शत्रूला लांब ठेवणारी आणि पिकाला बोलावणारी शक्ती. मेक्सिको सिटीत २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीच्या कामगारांना खोदकाम करताना सव्वातीन मीटर व्यासाची एक शिळा सापडली. तिच्यावर कोरलेल्या छिन्नविच्छिन्न देवीचे नाव कोयोल्शाउकी. भाऊ आणि युद्धदेव विट्झिलोपोच्त्ली याने मारलेल्या या देवीच्या गालांवर घुंगरे आहेत. तिच्याच आणखी एका प्रचंड पाषाणमस्तकावर गालांवरच्या घुंगरांवर सोन्याचे चित्रलिपीतले चिन्ह कोरलेले आहे. तिथे दगडात कोरलेली असली तरी ती सोन्याचीच घुंगरे आहेत, हे पाहणाऱ्याला कळावे याची शिल्पकाराने काळजी घेतली आहे.

सोने मिळे ते मुख्यतः दक्षिणेकडच्या ओहाका आणि गेरेरो भागांतल्या नद्यांच्या वाळूतून. जिंकलेल्या प्रांतांकडून ते खंडणी म्हणून येई. १५४०च्या दशकात तयार झालेल्या मेंदोसा कोडेक्समध्ये प्रांतवार खंडणी चित्रांनी नोंदवलेली आहे आणि त्यात सोन्याच्या चकत्या, भोपळ्यांच्या पात्रांत भरलेली सोन्याची पूड, मण्यांच्या माळा, शिरोभूषणे दिसतात. राजधानीलगतच्या त्लातेलोल्कोच्या बाजारात पक्ष्यांच्या पिसांच्या पोकळ दांड्यांत भरलेली सोन्याची पूड चलन म्हणूनही चाले, पण रोजच्या व्यवहारात कोकोच्या बिया अधिक चालत. सोनारांची मोठी वस्ती तेनोच्तित्लानच्या वायव्येला आस्कापोत्साल्को येथे होती. ओहाकाचे मिश्तेक कारागीर या कामात सर्वात नावाजलेले. त्यामुळे जुन्या पुस्तकांत अ‍ॅझ्टेक राजधानीतले सगळेच उत्तम सोनेकाम मिश्तेकांच्या नावावर टाकलेले आढळते. राजधानीच्या महामंदिरात सापडलेल्या दागिन्यांची शैली वेगळी ओळखता येते, असे अलीकडच्या पुरातत्त्वज्ञांचे मत आहे.

घडणीची पद्धत सहागूनच्या नवव्या ग्रंथात कारागिरांच्याच तोंडून सांगितलेली आहे आणि ती इतकी बारकाईने सांगितली आहे की आजचा ओतारीही ती वाचून काम करू शकेल. आपल्याकडच्या शिल्पग्रंथांत जिला मधूच्छिष्ट विधान म्हणतात, तीच ही मेण वितळवून पोकळीत धातू ओतण्याची रीत. तिथे ती स्वतंत्रपणे, वेगळ्या मालमसाल्याने विकसित झाली होती. कोळसा वाटून त्याची बारीक पूड करायची, ती कुंभाराच्या मातीत मळायची, त्याच्या चकत्या करून दोन दिवस उन्हात कडक वाळवायच्या. मग तांब्याच्या छोट्या पात्याने त्यात हवी ती आकृती कोरायची: कासव, झिंगा, पक्षी, परक्या माणसाचा चेहरा. प्राण्याच्या हालचालीचा नेमका क्षण इथेच पकडायचा. नंतर मधमाशीचे मेण पांढऱ्या कोपाल राळेत मिसळून, वितळवून, गाळून घ्यायचे. सपाट दगडावर ते लाकडी लाटण्याने इतके पातळ लाटायचे की पापुद्रा व्हावा. हा पापुद्रा कोरलेल्या गाभ्यावर प्रत्येक खाचखळग्यात बसवायचा. त्यावर कोळशाच्या पाण्याचा लेप, त्यावर कोळसा आणि माती यांचे जाड आवरण. मेणाचीच एक नळी आत सोने जाण्यासाठी. हे सगळे पुन्हा दोन दिवस वाळले की तापवायचे, मेण वाहून जाते, आणि गाभा व आवरण यांच्यामध्ये मेणाच्या जाडीची पोकळी राहते. मुशीत वितळलेले सोने त्या पोकळीत ओतायचे.

साचा फोडून काढलेली वस्तू अजून मळकट असे. ती तुरटीच्या पाण्यात घालून तापवत. मग पिवळी माती आणि मीठ यांचे मिश्रण लावत. कारागीर त्याला सोन्याचे औषध म्हणत. मेशिकांच्या सोन्यात चांदी आणि तांबे मिसळलेले असे. या प्रक्रियेने पृष्ठभागावरचे ते धातू निघून जात आणि वर जवळजवळ शुद्ध सोन्याचा पातळ थर उरे. आजच्या हिशेबात कुणी याला मुलामा म्हणेल आणि फसवणुकीची शंका घेईल. कारागिरांच्या दृष्टीने मात्र धातूच्या आत दडलेला पिवळेपणा त्या औषधाने बाहेर येत होता. रंग पृष्ठभागावर येणे हाच वस्तूच्या शक्तीचा आविष्कार होता.

या सोनारांचा देव शिपे तोतेक. तो माणसाची सोललेली कातडी अंगावर पांघरतो. वसंतातल्या त्लाकाशिपेउआलित्स्ली या उत्सवात बळी दिलेल्या युद्धकैद्यांची कातडी पुजारी आणि व्रतस्थ लोक वीस दिवस पांघरून फिरत. ती पिवळी रंगवलेली असे आणि तिला सोन्याचे वस्त्र म्हटले जाई. या विधीची क्रूरता सौम्य करून सांगण्यात काही अर्थ नाही. माणसे मारली जात होती आणि राज्यसत्ता त्या मारण्यावर उभी होती. पण सोनारांनी या देवाला आपला का मानले, हा प्रश्न धर्माच्या अभ्यासकाने सोडता कामा नये. एदुआर्द झेलर या जर्मन विद्वानाने शिपेच्या कातडीत मक्याच्या दाण्याचे टरफल पाहिले, ज्याच्या आतून नवा कोंभ येतो. नंतरच्या अनेकांनी हे स्पष्टीकरण फार सोयीचे आहे म्हणून नाकारले. सोनाराच्या कामाकडे पाहिले तर आणखी एक नाते दिसते. आत गाभा, वर पातळ सालीसारखे मेण, ते मेण जाऊन त्याच्या जागी आलेली सोन्याची त्वचा आणि अखेर फोडून टाकलेले बाहेरचे आवरण. मेशिका दागिने बहुधा पोकळ असतात. ते खरोखरच कातड्यासारखे आहेत आणि त्यांचे देवत्वही वरच्या त्वचेतच आहे. या दोन गोष्टींचा संबंध कुणा मेशिका ग्रंथात सांगितलेला नाही, पण जो माणूस रोज मेणाची साल सोन्यात बदलताना पाहत होता त्याला सोललेल्या त्वचेचा देव परका वाटला नसणार.

आता एका दागिन्याकडे जवळून पाहावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ मध्ये घेतलेला एक सोन्याचा सर्प आहे. लांबी जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. खालच्या ओठाखाली भोक पाडून त्यात घालायचे हे भूषण. आतल्या बाजूला दातांवर टेकणारी चपटी कड, मधे ओठातून जाणारी जाड दांडी आणि बाहेर झेपावलेला नाग. तोंड उघडे, दात काढलेले, डोळ्यांवर भुवईसारखी उंच वलये, नाकपुडीवर आवळलेली गुंडाळी, जबड्याखाली मण्यांची किनार. सर्वात विलक्षण म्हणजे त्याची दुभंगलेली जीभ वेगळी ओतून आत बसवलेली आहे. ती आतबाहेर सरकते आणि डुलते. घालणारा माणूस बोलू लागला की ओठ हले, ओठासोबत सर्प हले आणि सर्पाची जीभ लवलवे. मेशिका राजाच्या पदवीचा अर्थच बोलणारा असा होता, राजाचे काम म्हणजे दरबारात, मंदिरात, युद्धाच्या आधी योग्य शब्द उच्चारणे. त्याच्या वाणीला या दागिन्याने एक दुसरे, अमानुष तोंड दिले. भूषण घातलेला माणूस गप्प असेल तर हा सर्प अर्धाच आहे. तो पूर्ण होतो बोलण्याने. असा दागिना कोण घालू शकेल याचे कडक नियम होते. पहिल्या मोक्तेसुमाच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्यास, केलेले पोशाखाचे कायदे दोमिनिकन इतिहासकार दिएगो दुरान याने नोंदवले आहेत. सोन्याची ओठभूषणे आणि कर्णभूषणे राजा व सरदारांनाच वापरता येत. पराक्रमी योद्ध्यांना साधी हाडाची किंवा लाकडाची.

हलणारे अवयव ही त्या सोनारांची खासियत होती. मोतोलिनिआ या धर्मोपदेशकाने मान, जीभ आणि पंख हलणारे ओतीव पक्षी आणि एक खवला सोन्याचा, एक चांदीचा असे मासे पाहून लिहिले की स्पेनच्या सोनारांनाही हे जमत नाही.

हलणे, खुळखुळणे, चमकणे यांचे धार्मिक मर्म इशिप्त्ला या संकल्पनेत आहे. देवतेचे मूर्त रूप असा तिचा ढोबळ अर्थ. दगड, पीठ, लाकूड, जिवंत माणूस, काहीही इशिप्त्ला होऊ शकत असे. तोश्कात्ल महिन्यात एका निर्दोष देहाच्या तरुण कैद्याला वर्षभर तेस्कात्लिपोका या देवाच्या रूपात ठेवत. सहागूनच्या दुसऱ्या ग्रंथात त्याच्या साजाचे वर्णन आहे: कानांत सोन्याची लोंबती भूषणे, दंडांत सोन्याची कडी, दोन्ही पायांना सोन्याची घुंगरे, हातात बासरी. तो रस्त्याने चालू लागला की घुंगरे वाजत आणि लोक त्याला नमस्कार करत, माती उचलून तोंडाला लावत. सम्राट स्वतः त्याला हे अलंकार घालत असे आणि त्याला आपला लाडका देव मानत असे. वर्ष संपताना तो एका लहान देवळाच्या पायऱ्या चढे, प्रत्येक पायरीवर एक बासरी मोडे आणि वर त्याचा बळी दिला जाई. पुढच्या वर्षासाठी दुसरा तरुण निवडला जाई.

याच उत्सवात विट्झिलोपोच्त्लीची मूर्ती राजगिऱ्याच्या पिठाची करत. काठ्यांच्या सांगाड्यावर पीठ थापून तिला चेहरा देत आणि मग चढवत कानांत नीलमण्यांच्या नक्षीचे सर्प, त्यांना लोंबणारे सोने, नाकात सोन्याची रत्नजडित नळी. पीठ ते पीठच. अलंकार चढले की तो देव. १५२०च्या मे महिन्यात हीच मूर्ती सजवून नाचगाणी चालू असताना स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो याच्या सैनिकांनी मंदिराची दारे अडवून नाचणाऱ्यांची कत्तल केली.

या दोन उदाहरणांत सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. एकट्या द्रव्यात देवत्व नव्हते, नाहीतर सोन्याचा कच्चा ढीगही पुजला गेला असता. एकट्या आकारातही नव्हते, कारण पिठाची ओबडधोबड मूर्ती चालत असे. देवाचे जे खास त्याचे साज, ते योग्य देहावर, योग्य दिवशी चढले आणि तो देह चालू, बोलू, नाचू लागला, म्हणजे तेओत्ल तिथे हजर. धर्म-अभ्यासक मॉली बॅसेट यांनी २०१५च्या ग्रंथात दाखवले आहे की नाहुआ भाषकांच्या लेखी तेओत्ल असण्याचे एक लक्षणच असे की त्याच्या मालकीच्या काही खास वस्तू असतात. अलंकार देवाच्या अंगावरची शोभा नव्हती, देवाच्या असण्याचा तो भाग होता. युरोपीय धर्मशास्त्रात मूर्ती हे देवाचे चित्र की देव, असा जो वाद शतकानुशतके चालला, तो या चौकटीत उभाच राहत नाही.

एक अडचण राहते. माणसाने घालून वाजवण्यातच ज्या दागिन्याचे सार्थक, तो जमिनीत पुरायचा कशाला? तेनोच्तित्लानच्या महामंदिराच्या पायथ्याशी २०१७ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्दो लोपेस लुहान यांच्या चमूला दगडी पेटीत एका लांडग्याच्या हाडांचे अवशेष सापडले. वय सुमारे आठ महिने. अंगावर आणि भोवती सोन्याचे २२ पूर्ण दागिने: कानांतली, नाकातली भूषणे, छातीवरचे पदक. कमरेला समुद्री शिंपल्यांचा पट्टा. तोंड पश्चिमेकडे, मावळत्या सूर्याकडे. काळ १४८६ ते १५०२ दरम्यान राज्य केलेल्या आउइत्सोत्ल राजाचा. हे अर्पण बंद झाले ते पुन्हा कुणी पाहावे म्हणून नव्हे. लांडगा हा युद्धात पडलेल्या वीरांना मृत्युलोकातल्या नदीपार नेणारा सोबती मानला जाई, आणि त्याला योद्ध्याचा साज घातला होता. मेशिका धारणेप्रमाणे सूर्य रात्री त्याच मातीखालून जातो. सोने जिथून आले तिथे, घालणाऱ्यासह, परत दिलेले आहे. मानवी डोळ्यांपासून दूर गेल्याने दागिन्याचे काम थांबत नव्हते. पाहणारा बदलला होता एवढेच.

असाच विश्वक्रम एका मिश्तेक पदकात उलगडून दाखवलेला आहे. ९ जानेवारी १९३२ रोजी पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांनी ओहाकातल्या मोन्ते अल्बान येथील सातव्या क्रमांकाचे थडगे उघडले आणि शंभराहून अधिक सुवर्णवस्तू बाहेर आल्या. त्यातले एक पदक वरपासून खालपर्यंत एकमेकांना अडकवलेल्या पट्ट्यांचे आहे. वर चेंडूच्या मैदानात दोन देव, खाली सूर्याची तबकडी, मग गारगोटीच्या पात्याच्या रूपातला चंद्र, मग पृथ्वीचा आ वासलेला जबडा आणि सर्वात खाली घुंगरे. घालणाऱ्याच्या छातीवर आकाशापासून मातीपर्यंत सगळे विश्व लोंबत असे आणि प्रत्येक पावलाला वाजत असे.

सोने अविनाशी म्हणून पवित्र, ही जगात अनेक ठिकाणी आढळणारी कल्पना मेशिकांकडे जवळजवळ नाही. तेश्कोकोचा राजा नेसाउआल्कोयोत्ल याच्या नावावर जी गीते चालत आली आहेत त्यांत सोनेही भंगते, हिरवा पाषाणही फुटतो, हा विचार पुन्हा पुन्हा येतो. त्यांना सोन्यात शाश्वती दिसली नाही. क्षणभर प्रकाश पकडून धरण्याची ताकद दिसली. म्हणूनच सोने आणि पिसे त्यांनी एकाच मुकुटात बसवली. वाऱ्यावर रंग बदलणारे, काही वर्षांत किडीने खाल्ले जाणारे पीस त्यांच्या दृष्टीने सोन्याचा कमी दर्जाचा सोबती नव्हते.

स्पॅनिश विजेत्यांकडे नेमकी उलटी धारणा होती. त्यांच्या लेखी मूल्य द्रव्यात, म्हणजे वजनात आणि कसात. फ्लोरेन्टाइन कोडेक्सच्या बाराव्या ग्रंथात नाहुआ साक्षीदार सांगतात की खजिन्याच्या खोलीत शिरल्यावर स्पॅनिश लोकांनी ढालींवरचे, नाकातले, पायांतले सोने ओरबाडून काढले आणि उरलेले पिसांचे मोलाचे काम जाळून टाकले. हिरवे पाषाण त्यांच्या त्लाश्काल्तेक मित्रांनी उचलले. बेर्नाल दिआस लिहितो की दागिने मोडायला आणि वितळवायला आस्कापोत्साल्कोचेच सोनार आणले होते. ज्यांनी घडवले त्यांच्याच हातून ते मोडून घेतले गेले. वितळवून केलेल्या लगडी तीन बोटे रुंद होत्या, असेही त्याने नोंदवले आहे. १९८१ मध्ये मेक्सिको सिटीच्या मध्यभागी अलामेदा उद्यानाजवळ बँकेच्या इमारतीचा पाया खोदताना एका कामगाराला चिखलात सोन्याची लगड सापडली. वजन १.९३ किलो, लांबी २६.२ सेंटीमीटर, रुंदी ५.४ सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटांएवढी. पळणाऱ्या स्पॅनिश सैन्याच्या वाटेवरचा जुना कालवा तिथूनच जात होता. २०२० मध्ये क्ष-किरण तपासणीने ती १५१९-२० च्या सुमाराची असल्याचे निश्चित झाले. तिच्यात किती सर्प, किती घुंगरे, किती पक्षी वितळले गेले हे आता कोणत्याही यंत्राने कळणार नाही. मेशिका विचारानुसार ते सोने असले तरी तेओत्ल उरले नव्हते.

युरोपात सगळ्यांचीच दृष्टी अशी नव्हती. स्पॅनिश सैन्याचा नेता कोर्तेस याने पाठवलेल्या भेटींचे ब्रसेल्समध्ये प्रदर्शन मांडले होते. १५२०च्या उन्हाळ्यात सोनाराचा मुलगा असलेला चित्रकार आल्ब्रेश्त ड्युरर तिथे गेला. सोन्याचा भलामोठा सूर्य आणि चांदीचा चंद्र पाहून आपल्या रोजनिशीत त्याने लिहिले की आयुष्यात कशानेही मन इतके आनंदले नव्हते आणि परदेशातल्या लोकांच्या सूक्ष्म बुद्धीने तो थक्क झाला. तो सूर्य आज अस्तित्वात नाही. बहुधा तोही वितळवला गेला.

जे उरले आहे ते दोन मार्गांनी उरले: जे जमिनीत पुरलेले असल्याने विजेत्यांच्या हाती लागले नाही आणि जे कुतूहलाची वस्तू म्हणून युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या संग्रहांत गेले. मोन्ते अल्बानचे सोने ओहाका शहरातल्या सांतो दोमिंगो मठात असलेल्या संग्रहालयात आहे. तेनोच्तित्लानच्या उत्खननातल्या वस्तूंसाठी १९८७ मध्ये महामंदिराच्या शेजारीच स्वतंत्र संग्रहालय उघडले. या वस्तू काचेआड, स्थिर प्रकाशात, निःशब्द ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्या बाबतीत एवढाच एक अन्याय टाळता येण्यासारखा नाही. पाहणाऱ्याने तो स्वतः भरून काढायला हवा: ओठ हलताना, पाऊल पडताना, ऊन तिरपे येताना तो दागिना कसा दिसला आणि वाजला असेल हे मनात आणून. महामंदिराच्या पायथ्याचे खोदकाम अजून चालू आहे. आउइत्सोत्लच्या दहनानंतरचे अवशेष तिथेच कुठेतरी असावेत असा पुरातत्त्वज्ञांचा कयास आहे. आजवर एकाही मेशिका सम्राटाची समाधी सापडलेली नाही.